गुंड्याची शाळा

(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे, 'शाळेनंतर मी काय शिकले'. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर ही कॉम्प्युटरवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण गेल्या दीड वर्षात मला सर्वांत जास्त शिकवलं ते आमच्या गुंड्याने. गुंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा.

दोन महिन्यांचा असताना तो पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आला. सुरुवातीला सगळ्या सोसायटीने लाड केले. चौथा महिना लागला आणि त्याने सोफ्याचा कोपरा उसवला, वाळत घातलेले कपडे स्टँडसकट खाली ओढले, चपला तर मोजायच्याच नाहीत. एका संध्याकाळी त्याने सासूबाईंचा पदर दातात धरून ओढला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झाले होते. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडल्या नाहीत.

त्याच रात्री मला लॅपटॉपच्या चार्जरचे तुकडे सापडले. नशीब, तो प्लगला लावलेला नव्हता. मी पेपरची गुंडाळी केली आणि गुंड्याला दोन रट्टे दिले. भीतीने त्याने जागेवरच शू केली. सातवीतली माझी लेक दारात उभी होती. म्हणाली, "आई, चार्जर त्याने दुपारी खाल्ला. आत्ता कशाबद्दल मारलंस, हे त्याला कसं कळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने हळूच विचारलं, "आपण त्याला परत देणार का?" खरं सांगते, ज्यांच्याकडून आणला त्यांना तसा मेसेज मी लिहूनही ठेवला होता. पाठवला नव्हता, एवढंच. शेवटी घरात ठरलं, एक महिना प्रयत्न करायचा.

कामात काही बिघडलं की आम्ही आधी नोंदी बघतो. इथे नोंदीच नव्हत्या, म्हणून फ्रीजवर कागद लावला. कोणता उद्योग, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, हे आठवडाभर लिहिलं. बहुतेक धुमाकूळ संध्याकाळी सात ते नऊमध्ये होता. दिवसभर बेल वाजत राहायची, त्याची झोप व्हायची नाही. पिल्लाला दिवसाकाठी अठराएक तास झोप लागते. पेंगुळलेलं मूल जसं किरकिर करतं, तसं पेंगुळलेलं पिल्लू चावतं. मग दुपारी त्याला आतल्या शांत खोलीत झोपवायला लागलो. निम्मा त्रास तिथेच कमी झाला.

दुसरं कारण त्याच्या तोंडात होतं. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात आणि 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावावंच लागतं. ओला टॉवेल पिळून, फ्रीझरमध्ये ठेवून द्यायला लागलो. गार गाजर तर त्याला खाऊच वाटायचा. आणि आम्ही चपला कपाटात ठेवायला शिकलो. ते शिक्षण गुंड्याचं नव्हतं, आमचं होतं.

तिसरं कारण म्हणजे त्याच्याकडे काम नव्हतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांना मदत करणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात आली. पुढे इंग्लंडमध्ये शिकाऱ्यांनी ती पाडलेले पक्षी उचलून आणायला वापरली. तोंडात धरून आणणं हे ज्याच्या रक्तात, त्याला आम्ही दिवसभर 'नको, नको' म्हणत होतो. आपल्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा एक उद्योगी मुलगा आठवा. रोज अंगठे धरून सुधारला नाही. बाईंनी त्याला घंटा द्यायचं काम दिलं आणि तो वेळेआधी शाळेत यायला लागला. आज तो समोरच बसलाय, नाव घेत नाही.

मग आम्ही गुंड्याला काम दिलं. रात्रीचं खाणं ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवायचं, नाकाने शोधून खा म्हणायचं. दहा मिनिटं वास घेऊन तो असा दमायचा की तासभर आडवा. दोरीची ओढाओढी खेळायची, पण नियम एक: दात अंगाला लागला की खेळ बंद. 'सोड' म्हटल्यावर सोडलं, तर खेळ पुन्हा सुरू. 'बस', 'थांब', 'सोड' हे तीन शब्द दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. बक्षीस हरभऱ्याएवढा चिकनचा तुकडा, पण बरोबर केलं त्याच क्षणी. उशिरा दिलं तर ते कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. माझ्या रट्ट्यांसारखंच.

सगळं सरळ झालं नाही. अंगावर उड्या मारल्या की पाठ फिरवायची ठरवलं, तर पहिले चार दिवस उड्या वाढल्याच. जुनी युक्ती चालेना की कुत्रा आधी ती जास्त जोरात करून बघतो. लिफ्ट आली नाही की आपणही बटण दहादा दाबतोच ना! तेव्हा माघार घेतली असती, तर तो जास्त जोराच्या उड्या शिकला असता. त्यात सासूबाई गुपचूप पोळी द्यायच्या, तीही उडी मारल्यावर. त्यांनाही समजवावं लागलं. घरात नियम एकच हवा.

महिना संपला तेव्हा तो मेसेज मी पुसून टाकला. गुंड्या आता दीड वर्षाचा आहे. मोजे अजूनही पळवतो. पण संध्याकाळी सासूबाई फिरायला निघाल्या की त्यांच्या चपला एकेक करून तोच आणून देतो. लाळेने ओल्या असतात. त्या पदराला पुसतात आणि पायात घालतात.

मी शिकले ते एवढंच. काय करू नको हे सांगायला हात पुरतो. काय कर हे सांगायला त्याच्याजवळ खाली बसावं लागतं. आपल्या बाईंना ते तेव्हाच माहीत होतं, मला चाळिशीनंतर कळलं.