होडी घासली कुणी?
(मासेमार महिलांच्या बैठकीतलं भाषण)

मैत्रिणींनो, सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, तशी जाळी-होडी दारात आली. घरच्या होडीच्या फळ्या ठोकल्या की नवरा म्हणतो, ‘झालं काम.’ आपलं काम तिथून सुरू! सांधे बुजवायचे, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०चा. घासायचं लाकडाच्या रेषेनं, आडवं नाही. धूळ पुसून, कोरड्या लाकडावरच रंग; नाहीतर पोपडे निघतात, फळी पाणी पिते.

ही धूळ साधी नाही. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ती कर्करोगकारक ठरवली. पदर पुरत नाही, मास्क लावा. लेकरू लांब ठेवा.

आणि घरात विचारा: होडी मी घासली, मग सोसायटीच्या यादीत माझं नाव कुठंय?