गल्लीतला उघडा गाळा

घोडबंदर हे नावच मुळी व्यापारातून आलेलं. वसईच्या खाडीकाठच्या या बंदरात पोर्तुगीजांच्या काळी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी इथला किल्ला घेतला. पुढे बंदर मागे पडलं, नाव रस्त्याकडे आलं, आणि आज त्याच रस्त्यावरून न्हावाशेवा बंदराचा माल गुजरातकडे जातो. ठाण्याच्या माजिवडा नाक्यापासून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, गायमुख असं करत हा रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो. या रस्त्याच्या कोंडीबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि ते रास्तही आहे. मला आज बोलायचं आहे ते या रस्त्याला फुटलेल्या गल्ल्यांबद्दल आणि त्या गल्ल्यांतल्या छोट्या दुकानांबद्दल. माझं म्हणणं असं, की गल्लीतलं छोटं दुकान, मग ते चहाचं असो, कॉफीचं असो की दळणाचं, ही एक नागरी सोय आहे. पाणी, दिवे, बाग यांचा विचार होतो, तसाच वस्ती उभी करताना तिचाही विचार व्हायला हवा.

हे समजायला आधी इथल्या जमिनीची ठेवण पाहू. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. त्यामुळे इथली वस्ती फणीसारखी वाढली. कणा एकच, म्हणजे घोडबंदर रोड, आणि त्यातून निघालेले दात म्हणजे डोंगराकडे किंवा खाडीकडे आत जाणारे रस्ते. यातले बरेच रस्ते पुढे कुठे जात नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी, नाहीतर खाडीच्या अलीकडे संपतात. ज्याला तिथे काम आहे तोच आत येतो, म्हणून या गल्ल्या शांत आहेत. महामार्गावर कंटेनर गर्जत असताना शंभर-दोनशे पावलांवर झाडाखाली पक्ष्यांचा आवाज ऐकू यावा, हे या ठेवणीमुळेच शक्य झालं. पण याच ठेवणीची दुसरी बाजूही आहे. फणीच्या एका दातावरून दुसऱ्यावर जायचं तर कण्यावर यावंच लागतं. आतल्या आत जोडणारे रस्ते थोडे. म्हणजे एखाद्या गल्लीत गिरणी नसेल, वाणी नसेल, औषधाचं दुकान नसेल, तर पाव किलो साखरेसाठीसुद्धा माणसाला अवजड वाहनांच्या रस्त्यावर उतरावं लागतं. गाडी असलेला गाडी काढतो आणि कोंडीत भर घालतो. गाडी नसलेली आजी पिशवी घेऊन सर्व्हिस रोडच्या कडेने चालते. गल्लीतलं दुकान या दोन्ही गोष्टी टाळतं. त्या दुकानाचा उपयोग मोजायचा तर गल्ल्यातल्या नोटा मोजून भागणार नाही. त्याने महामार्गावरच्या किती फेऱ्या वाचवल्या, हे मोजायला हवं.

आता अशा एका गाळ्याकडे जरा जवळून पाहू. दहा बाय पंधराची जागा, अर्धं वर गेलेलं शटर, आत पिठाची गिरणी. दाराशी ओळीने डबे मांडलेले, झाकणांवर खडूने विंग आणि फ्लॅटचा नंबर. गिरणीवाला गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारीच टाकतो, कारण जात्यात आधीच्या धान्याचा अंश राहतो आणि भाकरीच्या पिठात गव्हाची मिसळ झाली तर भाकरी थापणाऱ्या हाताला ते लगेच कळतं. उपासाचा राजगिरा वेगळा, दिवाळीतली भाजणी वेगळी, आणि ती किती जाड हवी हे घरोघरी वेगळं. हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं. शेजारच्या गाळ्यात इस्त्रीवाला, त्यापलीकडे पोळी-भाजी केंद्र, मग कपडे उसवून नीट करून देणारा शिंपी, आणि कोपऱ्यावर चार टेबलांचा कॅफे. या प्रत्येकाला गल्लीतली माणसं ठाऊक असतात, आणि तेही बेताने ठाऊक असतात. अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी १९६१ साली ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या पुस्तकात न्यूयॉर्कच्या अशाच दुकानदारांबद्दल लिहिलं आहे. लोक घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून जातात, कारण दुकानदार विश्वासाचा असतो आणि घरात नाकही खुपसत नाही. मोठ्या संकुलात शेजाऱ्याशी एकदम घरोबा करणं अनेकांना अवघड वाटतं. दुकानाच्या पायरीवर मात्र ओळख हळूहळू, ज्याला झेपेल तेवढी होते.

या ओळखीतून पुढे काय उभं राहतं, ते आपल्या जिल्ह्यातच दिसतं. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीची तरुण मंडळी फडके रोडवर जमतात, ठाण्याची राम मारुती रोडवर. हे दोन्ही रस्ते फार रुंद नाहीत, देखणे म्हणावेत असेही नाहीत. पण दोन्हींच्या कडेला दुकानं आहेत, वर घरं आहेत, आणि वर्षभर पायी येण्याजाण्याची सवय आहे. सण साजरा करायला लोक तिथे जमतात, कारण एरवीच्या दिवशीही ते तिथेच एकमेकांना भेटत असतात. घोडबंदर रोडच्या नव्या वस्त्यांत सभागृहं आहेत, क्लबहाऊस आहेत, उत्तम बागा आहेत. पण क्लबहाऊस त्या त्या संकुलातल्या लोकांचं. त्याच्या कुंपणाबाहेरच्या माणसाला तिथे जागा नाही. वाघबीळ किंवा ओवळ्याच्या मूळ गावठाणातला माणूस आणि शेजारच्या तीसमजली इमारतीतला माणूस एका बाकावर बसू शकेल, अशी जागा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली चहाची टपरी, नाहीतर भाजीवालीची पाटी.

यावर पहिला आक्षेप येतो तो शांततेचाच. दुकानं आली की गर्दी येईल, दुचाकी वाटेल तशा लागतील, रात्री उशिरापर्यंत कलकलाट होईल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. रात्री घराखाली मोटारसायकली घुरघुरत राहिल्या तर कोणालाही त्रास होईल. पण त्रास होतो तो बाहेरून गाड्या घेऊन येणाऱ्या गर्दीचा, आणि ती गर्दी मोठ्या, जाहिरातबाज ठिकाणांकडे येते. गिरणीवर दळण टाकायला कोणी पलीकडच्या उपनगरातून येत नाही. तेव्हा दुकानाचा आकार, बंद होण्याची वेळ आणि गाड्या लावायची जागा यांचे नियम ठरवावेत आणि ते पाळले जातील हे पाहावं. दुकानंच नकोत म्हणणं हा त्यावरचा उपाय नाही. शिवाय शांत गल्ली आणि ओस गल्ली यांत फरक आहे. संध्याकाळी साडेआठला क्लासवरून एकटी परतणारी मुलगी ओस गल्लीतून भराभर चालते. जिथे दोन दुकानांचे दिवे लागलेले असतात, तिथे तिची चाल सैलावते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. मोबाइलवर बोट टेकवलं की दहा-पंधरा मिनिटांत दूध, भाजी, औषध दारात येतं, मग दुकानं हवीतच कशाला? आजारी माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला ही सोय मोठी आहे, हे मी मान्य करतो. पण तो माल येतो कुठून? कुठल्यातरी गोदामातून, दुचाकीवरून, आणि फणीच्या त्याच कण्यावरून. घरातून बाहेर न पडता आपण एक फेरी दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, एवढंच. आणि गोदामाला माणसाची ओळख नसते. महिनाअखेरीला वहीत लिहून ठेवणारा वाणी आणि चार दिवस अण्णा दूध न्यायला का आले नाहीत म्हणून विचारणारा डेअरीवाला, या सोयी त्या मोबाइलमधून मिळत नाहीत.

तिसरा आक्षेप कॅफेबद्दलचा. तिथली कॉफी महाग, म्हणजे ती जागा मोजक्यांची. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणूनच गल्लीत एकट्या कॅफेने भागत नाही. कटिंग चहा, उडपी हॉटेल, वडापावची गाडी आणि कॅफे अशी उतरंड असली तर प्रत्येकाला टेकायला जागा मिळते. कॉलेजातला मुलगा दोन तास अभ्यास करत बसेल तो कॅफेत, रिक्षावाला दहा मिनिटं विसावेल तो टपरीवर. ही उतरंड टिकत नाही ती भाड्यामुळे. भाव वाढले की आधी शिंपी जातो, मग गिरणी जाते. कायद्याने काही वाट मोकळी केली आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देण्याची मुभा दिली. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने पथविक्रेत्यांना नगर विक्रेता समितीत ४० टक्के जागा दिल्या. पण मोकळीक म्हणजे हमी नव्हे. पॅरिस महापालिकेने २००४ पासून आपल्या एका संस्थेमार्फत तळमजल्यावरचे गाळे स्वतः ताब्यात घेतले आणि पुस्तकाची दुकानं, कारागीर, रोजच्या गरजेचे दुकानदार यांना ते भाड्याने दिले. बाजारभाव ज्यांना पुसून टाकील, त्यांना शहराने हाताशी धरलं. आपल्याकडे मोठ्या गृहप्रकल्पात शाळेसाठी, बागेसाठी जागा राखतात. तशीच चार गाळ्यांची जागा गिरणीसाठी, शिंप्यासाठी, चहासाठी राखता येणार नाही का?

ही वेळ हा विचार करण्याची आहे, कारण वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो चार आणि तिथून गायमुखपर्यंतची चार-अ यांमुळे लोकांच्या चालण्याच्या वाटा नव्याने ठरणार आहेत. स्टेशनपासून घरापर्यंतची वाट कुंपणाच्या भिंतीलगतची असेल की दुकानांच्या उजळ पायऱ्यांलगतची, ते आत्ता ठरेल. म्हणून नव्या वस्तीचा नकाशा मंजूर करताना एक साधा प्रश्न विचारला जावा: इथल्या माणसाला महामार्गावर पाऊल न ठेवता दळण, दूध, औषध आणि बसून प्यायला चहा मिळेल का? आणि श्रोतेहो, जिथे तो आज मिळतो, तिथे गाडी न काढता पायी जाणं आपल्या हातात आहे. गाळा उघडा राहतो तो गिऱ्हाईक दाराशी आलं तरच.