परदेशी जन्मलेले सैनिक आणि रामकुंडावरील वह्या



पंचवटीच्या या पुण्यभूमीत आम्हांस एकच विषय मांडावयाचा आहे. १८३४ नंतर मुंबई इलाख्यातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढील पिढ्या तेथेच जन्मल्या. दुसऱ्या महायुद्धात मॉरिशसचे तरुण ब्रिटिश सैन्याच्या पायोनियर दलातून उत्तर आफ्रिकेपर्यंत गेले. अशा एखाद्या मराठी वंशाच्या सैनिकाचे मूळ कसे शोधावे?

त्याच्या कागदांवर जन्मस्थान मॉरिशस एवढेच असावयाचे. तेव्हा प्रथम मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील गिरमिटियांचे दप्तर पाहावे. त्यात पूर्वजाचा क्रमांक, जहाज, बापाचे नाव, जात व गाव आढळते. परंतु गोऱ्या अंमलातील कारकुनांनी नावे कानी पडली तशी लिहिली. ती गाठ रामकुंडावर सुटू शकते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव व कुळ यांनुसार लाविलेल्या असून, त्यांत यात्रेकरूंनी वाडवडिलांची व पुत्रपौत्रांची नावे लिहविली आहेत. गाव, बाप व काळ ही तिन्ही जुळली तरच नाते मानावे. केवळ आडनावाचे साम्य हा पुरावा नव्हे.

वहीत दूरदेशी गेलेल्या भावाचे नाव राहिले, तर त्याच्या पणतवास घरची वाट सापडत नाही. म्हणून परदेशस्थांची आणि लेकींचीही नावे आपण अगत्याने लिहवावीत, एवढीच आमची विनंती.