मातीच्या भिंतीची दुरुस्ती

उभ्या-आडव्या रेघांवर पोट भरणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार. ज्यांनी सुचवलं नाही पण विरोधही केला नाही, त्यांचे जरा जास्त आभार. गडचिरोलीकरांनी काल रात्री जे प्रेमाने जेवू घातलं त्याची परतफेड भाषण आखूड करून करता आली असती, पण ते माझ्याने होणार नाही.

संयोजकांनी मला दोन जिल्ह्यांतल्या नगररचनेचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. तो मी लिहून आणला आहे, अकरा पानं आहेत, स्मरणिकेत छापावा. त्यात १९६६चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे, २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यानंतरची वाढ आहे, २०११ मध्ये महानगरपालिका झाल्यावर चंद्रपुरात काय बदललं ते आहे आणि २ डिसेंबर २०२०ची एकीकृत नियमावली आहे. तुम्हाला ती तोंडपाठ आहे. नसेल तर तुमच्या ऑफिसातल्या पोराला आहे. आढावा झाला असं समजा.

मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला मी बरीच वर्षं थांबलो आहे.

मी चांद्याचा. सरकारदप्तरी १९६४च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं, पण माझी आई शेवटपर्यंत चांदाच म्हणायची आणि रेल्वेने अजूनही एका स्थानकावर चांदा फोर्ट ही पाटी ठेवली आहे. फोर्ट म्हणजे आमचा परकोट. गोंड राजांनी बांधलेला, सुमारे ११ किलोमीटर लांब. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. आमच्या लहानपणी परकोट म्हणजे पतंग उडवायची, वाळवणं घालायची आणि घरच्यांपासून लपून विडी ओढायची जागा. ते स्मारक आहे हे आम्हाला पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीने सांगितलं.

त्या पाटीची एक गंमत. १९५८च्या कायद्यात स्मारकाची नासधूस करणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१०च्या दुरुस्तीने तो दोन वर्षं आणि एक लाखावर गेला. मी रोज ज्या पाटीवरून जात असे तिच्यावर नंतरही कितीतरी दिवस तीन महिने आणि पाच हजारच होते. लोकांना भीती घालतानासुद्धा आपण जुन्या दराने घालतो.

पण २०१०ने फक्त दंड वाढवला नाही. १६ जून १९९२च्या अधिसूचनेतलं अंतर थेट कायद्यात आणून बसवलं. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढे २०० मीटर विनियमित. पहिल्या शंभरात नवं बांधकाम नाही. १९९२च्या आधीचं घर असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, तेही परवानगी काढून. पाडून पुन्हा बांधणं मात्र त्या शंभरात बसत नाही.

आता तुम्ही सगळे मोजणारे लोक आहात, म्हणून हिशेब मांडतो. ताजमहाल एका जागी उभा आहे. त्याच्याभोवती १०० मीटर सोडले तर बाग आणि नदी सुटते. आमचं स्मारक म्हणजे एक रेघ आहे आणि ती नांदत्या गावाभोवती फिरते. ११ किलोमीटरची रेघ, दोन्ही अंगांनी शंभर-शंभर मीटर. ढोबळमानाने २२० हेक्टर. त्यातला नदीकाठ, रस्ते, मोकळी जागा वजा करा. तरी जे उरतं ते गावच आहे, आणि गावातलाही बहुतेक गरीब भाग, कारण भिंतीला टेकून पैसेवाला कधी राहत नाही. तीनशे मीटरचा हिशेब मी मांडत नाही, जेवणाची वेळ झाली आहे.

अंतर मोठं की छोटं, हा वाद काल दोन शोधनिबंधांत रंगला. एकाचं म्हणणं, शंभराचे पन्नास करा. दुसऱ्याचं म्हणणं, पन्नास केले तर भिंत उरणार नाही. दोघेही तरुण आहेत, दोघांनीही उपग्रहाच्या चित्रावर रंगीत पट्टे काढून आणले होते, दिसायला सुंदर होते. मी एका घराची मोजणी स्वतः फीत धरून केली आहे. फितीचं एक टोक परकोटाशी पोराच्या हातात, दुसरं माझ्या हातात, मध्ये एक गोठा आणि एक भांडकुदळ शेजारी. शंभर मीटर त्या घराच्या मधल्या भिंतीत संपले. स्वयंपाकघर प्रतिबंधित, झोपायची खोली विनियमित. तुम्ही पन्नास करा, ती रेघ दुसऱ्या कुणाच्या चुलीवरून जाईल. आता मोबाइलमधलं ॲप सांगतं म्हणे. आमच्या बोळात त्या ॲपचा ठिपका कधी या घरात असतो, कधी समोरच्या. माझं भांडण आकड्याशी नाहीच.

माझं भांडण दुरुस्ती या शब्दाशी आहे.

बिनब्याच्या अंगाला एक म्हातारी राहायची. नाव सांगत नाही, तिची नातवंडं आज याच धंद्यात आहेत. घर मातीचं, वर कवेलू, पुढे सपरी. २०१३च्या पावसाळ्याआधी ती माझ्याकडे आली. मागची भिंत पोटात आली होती, म्हणजे फुगून आत झुकली होती. मी कायदा नुकताच वाचलेला माणूस, मोठ्या रुबाबात म्हणालो, मावशी, दुरुस्ती करता येते, फक्त परवानगी घेऊ, आणि भिंत पाडायची मात्र नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बापू, भित पाडल्याबिगर भितीची दुरुस्ती कशी करतेत गा?"

मित्रहो, अभियांत्रिकीच्या चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विटांच्या भिंतीची वीट बदलता येते. दगडाच्या भिंतीचे सांधे भरता येतात. मातीची भिंत फुगली की ती उतरवायची, तीच माती भिजवायची, तणस घालून तुडवायची आणि थरावर थर देऊन पुन्हा उभी करायची. एक थर सुकला की दुसरा. तिच्या सासऱ्याने तसंच केलं, त्याच्या बापाने तसंच केलं. जागा तीच, माती तीच, मापही तेच. मातीच्या घराची दुरुस्ती म्हणजेच पुनर्बांधणी. कायद्याने एकाला हो म्हटलं आणि दुसऱ्याला नाही. कारण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दगड होता. साहजिक आहे, स्मारकं दगडाची असतात. त्यांच्या सावलीत राहणारे मातीत राहतात, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

मी अर्ज केला. नकाशा काढला, फोटो जोडले, आखीव पत्रिका जोडली. १९९२च्या आधीचं घर असल्याचा पुरावा मागितला गेला तेव्हा घरपट्टीची पावती जोडली. ती म्हातारीच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत सापडली. अर्ज कुठल्या टेबलावर अडला ते सांगत नाही, टेबलांना नावं ठेवून आपलं काम होत नाही. ऑगस्टात भिंत पडली. म्हातारी सपरीत झोपली होती म्हणून वाचली. मग नियमाने पाहिलं तर तिथे भिंतच उरली नव्हती, म्हणजे दुरुस्त करायला काही नव्हतं. ती मुलाकडे बल्लारपूरला गेली आणि तिथेच वारली. तिला थांबा असं मी सांगितलं होतं. तिच्या शेजाऱ्याने कुणाला न विचारता दोन रात्रींत विटांची भिंत घातली, ती आज उभी आहे. बेकायदा आहे आणि उभी आहे.

कुणी म्हणेल, हा म्हातारा परकोटाच्या विरोधात आहे. नाही हो. माझ्या सख्ख्या काकांच्या घराच्या जोत्यात परकोटाचे चार दगड आहेत, आणि ते मी लहानपणी ढकलगाडीवर वाहून आणले आहेत. पाप कबूल करतो. २०१७ साली इको-प्रो संस्थेची पोरं हातात कुदळ-फावडी घेऊन परकोट साफ करायला लागली तेव्हा मी तिथे जाऊन उभा राहिलो होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झुडपांखालून बुरूज निघाले. ज्या जागेवर आम्ही पन्नास वर्षं कचरा टाकला तिथून पायवाट निघाली. भिंत जपलीच पाहिजे. पण गावाने राखलेली भिंत टिकते. शेजारच्या घरांना कुलूप लावून राखलेल्या भिंतीला पुन्हा झुडपंच फुटतात, आणि रिकाम्या घरांच्या जागी काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. टपरी येते, भंगाराचं दुकान येतं, नाहीतर गाड्या उभ्या राहतात.

गाड्यांवरून आठवलं. पार्किंगवर तीन निबंध आले. नियमावलीत मोटारीला अडीच बाय पाच मीटर आणि स्कूटरला एक बाय दोन. बारा फूट रुंदीच्या घरात मोटार उभी केली तर माणसांनी तिच्यावर झोपायचं. अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून सांगितलं की किमान पार्किंगचे हे आकडे बहुतेक अंदाजाने लिहिलेले असतात आणि त्याचा खर्च गाडी नसलेल्यांच्या भाड्यात जातो. आम्हाला ते महाकालीच्या चैत्रयात्रेत कळतं. नांदेडकडून, तेलंगणाकडून माणसं येतात, झरपटीच्या काठी पथारी टाकतात, आणि त्यांना पार्किंगचा तक्ता लागत नाही. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ला चांद्यात दीक्षा दिली, तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर गर्दी होते, तीही गाव सामावून घेतं. पार्किंगचा विषय माझ्यापुरता संपला. दुकानांच्या मराठी पाट्यांचाही संपला, कारण कायदा झाला, न्यायालयाने मुदत दिली, आता लावा. फक्त हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या फेकू नका. फ्लेक्स आल्यावर आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची ‘चांदा’ लिहिलेली पत्र्याची पाटी मी भंगारवाल्याकडून वीस रुपयांना घेतली. तिच्याभोवती कुणी शंभर मीटर आखले नव्हते.

आता तुम्ही गडचिरोलीकर म्हणाल, आमच्याकडे परकोट कुठे आहे? वैरागडचा किल्ला आहे, मार्कंड्याची देवळं आहेत, पण तुमची खरी रेघ दुसरीच आहे. ती पटवाऱ्याने एका शब्दात ओढली: झुडपी. जुन्या मध्यप्रांताच्या दप्तरात हा शब्द जमिनीचं वर्णन होता, इथे झुडपं आहेत, नांगर चालत नाही, एवढंच. २२ मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती जमीन जंगल ठरली आणि १२ डिसेंबर १९९६च्या आधी वाटप झालेल्या जागांसाठी वेगळी वाट ठेवली. वाट ठेवली हे बरंच झालं. पण वाटपाचा कागद कुणाकडे असतो? शाळेकडे असतो, ऑफिसकडे असतो. धानोऱ्याकडच्या एका गावात मी घरकुलाची आखणी करायला गेलो होतो. घर कुडाचं, बांबूच्या ताट्या, वर मातीचं लिपण. घर किती जुनं, असं विचारल्यावर म्हातारा हसला. कूड दर चार-पाच वर्षांनी बदलतो. त्या घरातली एकही काडी त्याच्या नातवापेक्षा जुनी नव्हती आणि त्याचं घराणं त्या जागेवर कधीपासून आहे ते त्यालाही सांगता येईना.

माझ्या म्हातारीचं आणि या म्हाताऱ्याचं दुखणं एकच आहे. तारीख विचारणारा कायदा टिकणाऱ्या वस्तूकडे बघतो, आणि आमच्या भागात वस्तू टिकत नाहीत, जागा टिकते. पण याच देशात दुसरा एक कायदा आहे. २००६चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं म्हणणंही धरलं आहे. त्याच कायद्याने मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. जंगलाच्या बाबतीत म्हाताऱ्याचा शब्द चालतो, तर बिनब्याच्या बोळात का चालू नये?

२०१०च्या दुरुस्तीतच प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करायचे असं म्हटलं आहे. ते परकोटासाठी कसे व्हावेत यावर आपण बोललं पाहिजे, पण ते कितीही चांगले झाले तरी पहिल्या शंभर मीटरची बंदी ते उठवू शकत नाहीत. ती संसदेनेच उठवायची. म्हणून आपली मागणी साधी असावी. मातीच्या आणि कुडाच्या घराच्या बाबतीत, त्याच जागी, त्याच मापात, त्याच उंचीला पुन्हा उभारणं हीच दुरुस्ती समजावी. एवढं एक वाक्य. मजला नको, गाळे नकोत, वाढीव चटई क्षेत्र नको. बिल्डर मंडळी मागे बसली आहेत, त्यांनी ऐकावं: तुमच्यासाठी मी भांडत नाही.

त्यासाठी एक समिती असावी, तिने परकोटाच्या दोन्ही अंगांची घरं पाहावीत, माती किती, वीट किती याची नोंद करावी, म्हाताऱ्यांचं म्हणणं लिहून घ्यावं, गडचिरोलीतल्या मित्रांनी झुडपीवरच्या वस्त्यांचं तसंच करावं आणि मग ते कुठेतरी पाठवावं. कुठे पाठवायचं, कसं, याचा तपशील कार्यकारिणी ठरवेल. मला तो नीट सुचलेला नाही. माझ्या हाताखाली शिकलेली निम्मी मंडळी इथे आहेत, त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. समिती होईपर्यंत मी थांबणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी जटपुरा दरवाज्यापाशी उभा असेन आणि तिथून बिनब्याकडे निघेन. फीत माझ्याकडे आहे, तीस मीटरची, कापडी. दुसरं टोक धरायला कुणीतरी या.