यंत्राचा दुभाष्या



मुरब्याची एखादी मासळीवाली आधारावर पैसे काढायला अंगठा काचेवर ठेवते आणि नकार येतो. बाई खजील होते. बर्फामिठाने बोटांच्या रेषा झिजतात हे खरे. पण दोष दर वेळी अंगठ्याचाच असतो काय?

बँकेच्या प्रतिनिधीचे ते यंत्र यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडलेले असते. १९९६ साली निघालेल्या या पद्धतीच्या जनकांत बडोद्यास शिकलेले अजय भट्ट होते. तार जोडताच संगणक यंत्राला कुळगोत्र विचारतो. यंत्र निर्मात्याचा व आपला क्रमांक सांगते. त्यावरून ड्रायव्हर नावाचा दुभाष्या नेमला जातो.

बँकेच्या प्रोग्रामला मात्र यंत्राशी थेट बोलण्याची मुभा नाही. त्याच संगणकात 'आरडी सेवा' नावाचा कारभारी बसलेला असतो. १११०० ते १११२० यांपैकी एका क्रमांकाच्या दारावर त्याला गाठून 'ठसा घे' म्हणायचे. ठसा येतो तो कुलूपबंद. कोणी तो साठवून पुन्हा वापरू नये, म्हणून २०१७ पासून ही तजवीज. थोडी सोवळ्यातली, पण आम्हांस ती पटते.

अडते ते येथेच. कारभारी झोपला वा तार सैल झाली, तरी बाईला ऐकू येते ते एकच: "ठसा लागत नाही." वास्तविक पडद्यावर आकडा येतो. ७२० म्हणजे यंत्रच तयार नाही; ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. बायांनो, तो आकडा विचारा. ७२० असेल तर हात पुसत बसू नका. तार त्याला तपासू द्या. ३०० असेल तर दुसरे बोट ठेवा. आणखी नऊ आहेत.