मोटारीचें पांघरूण आणि मोटारीची किंमत



मोटार ही वस्तु मोठी विचित्र आहे. घर जुनें झालें तरी त्याखालच्या जागेची किंमत वाढते. सोनें पेटींत पडून राहिलें तरी आपलें मोल राखतें. मोटार मात्र दुकानाच्या दारांतून बाहेर पडली कीं त्याच दिवशीं जुनी होते. तरीहि मध्यम स्थितीच्या कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठा खर्च याच वस्तूवर होतो. तेव्हां ती विकण्याची वेळ आली म्हणजे पदरांत काय पडेल, ही चिंता स्वाभाविक आहे. या चिंतेवर अलीकडे एक उपाय सांगण्यांत येतो. गाडीच्या रंगावर एक पातळ आवरण चढवावें, म्हणजे गाडी नवी राहील व विकतांना चांगली किंमत येईल, असें म्हणतात. यांतील पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसरी कितपत खरी, याचा विचार आज करूं.

त्यासाठीं मोठें शहर न घेतां भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यांतील दिघोरी हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं. धानाच्या बांध्यांमधून जाणारे रस्ते, तणस भरून डुलत येणारे ट्रॅक्टर, कडेच्या बाभळींच्या फांद्या आणि चाकाखालून उडणारा मुरूम. साकोलीला जाऊन नागपूर-रायपूर महामार्गाला लागलें कीं पुढच्या मालमोटारीच्या चाकांतून सुटून येणारी गिट्टी. त्यावर विदर्भाचा उन्हाळा! पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हांत उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा हवेपेक्षां कितीतरी अधिक तापतो. गाडीच्या रंगाला याहून कडक परीक्षक सांपडणें कठीण.

आतां हीं आवरणें कोणतीं तें पाहूं. तीं दोन जातींचीं आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानें पुष्कळ घोटाळा होतो. पहिली जात विनाइल रॅपची. पॉलिव्हिनिल क्लोराइड हा मूळचा कडक पदार्थ. त्याला मऊ व लवचिक करण्याची युक्ति १९२६ सालीं अमेरिकेंतील गुडरिच कंपनीच्या वाल्डो सीमन या रसायनज्ञास साधली. त्याच पदार्थाचा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून पातळ रंगीत पापुद्रा म्हणजे रॅप. त्याचें मुख्य काम गाडीचें रूप पालटणें हें होय. दुसरी जात पारदर्शक संरक्षक फिल्मची; बाजारांत तिला पीपीएफ म्हणतात. ही पॉलियुरेथेनची असते आणि रॅपच्या जवळजवळ दुप्पट जाड, म्हणजे दीडशें ते दोनशें मायक्रॉन असते. व्हिएतनामच्या युद्धांत हेलिकॉप्टरचीं पातीं वाळूच्या माऱ्यापासून वांचविण्यासाठीं अशी फिल्म प्रथम कामीं आली. ती खड्याचा मार स्वतः सोसते, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेनें आपोआप भरून येतात.

मग अशा आवरणासाठीं गिऱ्हाईक जास्त पैसे कां देत नाहीं? याचें उत्तर भंडाऱ्याच्याच बाजारांत मिळतें. भंडारा हें पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. पितळेच्या पातेल्याला कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, म्हणून घरोघर कल्हई करून घेत. परंतु तेंच पातेलें मोडींत घालावयास नेलें कीं दुकानदार तें तराजूंत टाकतो आणि पितळेचा भाव सांगतो. कल्हईला किती पैसे पडले, हें तो विचारीत नाहीं. आणि त्यांत अन्याय कांहींच नाहीं. जितकीं वर्षें त्या पातेल्यांत निर्धास्तपणें स्वयंपाक झाला, तितक्या वर्षांत कल्हईचा मोबदला मिळून चुकलेला असतो. मोटारीच्या आवरणाचें गणित असेंच आहे.

हें गणित आंकड्यांत मांडूं. विम्याच्या व्यवहारांत गाडीची किंमत ठरविण्याचें एक रूढ कोष्टक आहे. गाडी एक वर्षाहून जुनी पण दोन वर्षांच्या आंतील असेल तर कंपनीच्या किंमतींतून शेंकडा २० वजा करतात. तीन वर्षांच्या आंतील असेल तर ३०, चारांच्या आंतील ४० आणि पांचांच्या आंतील ५०. हें कोष्टक गाडीच्या वयावर चालतें, तिच्या चकाकीवर चालत नाहीं. समजा, दिघोरींतील एखाद्या शिक्षकानें ८ लाखांची गाडी घेतली आणि तिला सर्वांगीं फिल्म लावून घेण्यास १ लाख रुपये खर्च केले. पांचव्या वर्षीं या कोष्टकाप्रमाणें गाडी ४ लाखांची झाली. बाजारांत कांहीं हजार वरखालीं होतील. फिल्मचे पैसे वसूल व्हावयाचे तर गिऱ्हाइकानें ४ लाखांच्या गाडीला ५ लाख दिले पाहिजेत. तो कशाला देईल? तेवढ्या पैशांत त्याला कमी वयाची दुसरी गाडी मिळते. तो विचारतो तें एवढेंच: गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर चालली, कितव्या मालकाच्या हातीं आहे, कोठें आपटली काय, आणि देखभालीचे कागद आहेत काय.

याचा अर्थ फिल्म निरुपयोगी असा मात्र कोणीं करूं नये. जुनी गाडी पारखणारा मनुष्य सर्वांत अधिक मान देतो तो कारखान्यांतून आलेल्या मूळ रंगाला. बॉनेट पुन्हां रंगविलेलें दिसलें कीं त्याच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो अपघाताचा. बिचाऱ्या मालकानें गिट्टीचे टवके झांकण्यापुरताच रंग दिलेला असला तरी त्या संशयाची किंमत त्याच्या पदरांतून कापली जाते. फिल्मनें हे टवकेच पडूं दिले नाहींत, तर पुन्हां रंगविण्याचा प्रसंग टळतो आणि संशयहि टळतो. हाच तिचा खरा लाभ होय. तो वाढीव किंमतीच्या रूपानें दिसत नाहीं. घट टळली एवढेंच त्याचें रूप. म्हणून सर्व गाडी मढविण्यापेक्षां मार बसतो तेवढेच भाग, म्हणजे पुढचा बंपर, बॉनेटची पुढील कड, आरशांच्या पाठी व दारांच्या मुठींखालची जागा, झांकणें हिशेबाला अधिक धरून आहे.

आतां या प्रश्नाची दुसरी बाजू. आपल्याकडे म्हण आहे कीं झांकली मूठ सव्वा लाखाची. जुन्या मोटारीच्या बाजारांत ही म्हण उलटी ठरते. पारखी मनुष्य रंगाची जाडी मोजणारें एक लहान यंत्र पत्र्यावर टेकवितो. मूळ रंग सामान्यतः शंभर ते दीडशें मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा दिलेला रंग असला तर आंकडा बराच वर जातो. परंतु वर फिल्म असली तर तिचीहि जाडी त्यांत मिळते, आणि खालीं मूळ रंग आहे कीं लांबी भरून रंगविलेला पोचा आहे, हें यंत्राला सांगतां येत नाहीं. अशा वेळीं घेणारा वाईटांत वाईट कल्पना करून भाव सांगतो. प्रामाणिक विकणाराला त्याची झळ लागते, आणि अप्रामाणिक विकणारा याच पडद्याआड नादुरुस्त गाडी एखाद्या भोळ्या कुटुंबाच्या गळ्यांत बांधतो.

यावर उपाय कागदाचा आहे. फिल्म लावण्यापूर्वीं दिवसाच्या उजेडांत गाडीचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. लावणाराची तारीखवार पावती व हमीपत्र जपून ठेवावें. घेणारानें दारांच्या आंतल्या कडा व बॉनेटखालचा रंग पहावा, आणि शंका असेल तेथें फिल्म काढून दाखविण्याची अट घालावी. उष्णता देऊन, थोड्या कोनानें हळू ओढली तर कारखान्याच्या मूळ रंगावरून फिल्म सहसा बिनधोक निघते. पुन्हां दिलेला रंग कच्चा असेल तर तो तिच्याबरोबर उपटून येतो. तेव्हां काढण्याची जोखीम कोणाची, हें सौद्याच्या आधींच ठरवावें.

रंगीत रॅपची कथा याहून बिकट आहे. आपल्याला आवडलेला मंद काळा किंवा भडक पिवळा रंग दुसऱ्याला आवडेलच असें नाहीं. आवडीची माणसें थोडीं म्हणजे गिऱ्हाइकें थोडीं, आणि गिऱ्हाइकें थोडीं म्हणजे भाव कमी. शिवाय गाडीचा रंग नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो, आणि नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें. विक्रीनंतर त्याच राज्यांत विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत मालकी-बदल कळवावयाचा असतो. कागदावर पांढरी आणि दारांत निळी अशी गाडी त्या वेळीं खोळंबा करते. म्हणून रंग बदलण्याआधींच परिवहन कार्यालयांत विचारून नोंद करून घ्यावी. आणखी एक गोष्ट. विदर्भाच्या उन्हांत हलक्या प्रतीचें विनाइल आकसतें, टपावर व बॉनेटवर त्याला भेगा पडतात, कडा उचलून त्यांत धूळ बसते आणि काढतांना डिंक मागें राहतो. असें आवरण गाडीचें वय दहा वर्षांनीं वाढवून दाखवितें. विकण्यापूर्वीं तें स्वखर्चानें काढणें हेंच बरें.

कांचेवरच्या फिल्मविषयीं दोन शब्द. २०१२ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें मोटारीच्या कांचांना काळी फिल्म लावण्यास मनाई केली. पुढें नियमांत दुरुस्ती झाल्यानंतर, २०२४ सालीं केरळ उच्च न्यायालयानें नियमाच्या मर्यादेंतील फिल्मला हरकत नाहीं असें म्हटलें. ती मर्यादा अशी: पुढच्या व मागच्या कांचेंतून शेंकडा ७० आणि बाजूच्या कांचांतून शेंकडा ५० प्रकाश आंत आला पाहिजे. दाट काळी फिल्म म्हणजे घेणाराच्या दृष्टीनें दंडाची आगाऊ पावतीच होय.

दिघोरीसारख्या गांवीं गाडी विकणारा आणि घेणारा पुढच्याच आठवड्यांत बाजारांत समोरासमोर येतात. तेथें फसवणूक फार दिवस झांकून राहत नाहीं, आणि सचोटीहि विसरली जात नाहीं. वर्षानुवर्षें पैसा पैसा सांठवून जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबाचा विश्वास ही त्या सौद्यांतील सर्वांत महाग वस्तु. गाडीला पांघरूण जरूर घालावें, पण तें आपल्या वापरासाठीं, आपल्या समाधानासाठीं. आणि विकावयाच्या दिवशीं तें बाजूला सारून खालचा पत्रा दाखविण्याची आपली तयारी असावी. ती तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याच्या गाडीला योग्य भाव मिळण्यास अडचण पडत नाहीं.