चुलीआधी चुलीभोवतीचा खर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कडक भाकरी व शेंगाचटणीसाठी मंडळाने सामाईक भटारखाना काढावयाचे योजिले आहे. त्याच्या अंदाजपत्रकावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी काही हिशेबतपासनीस नव्हे. या कामी एकदा ठेच लागलेली बाई आहे, एवढाच माझा अधिकार.

मागे आमच्या बचत गटाजवळ 1,60,000 रुपये जमले होते. एकीने त्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. शहरातल्या एका दुकानातून आम्ही चटणी कुटण्याचे यंत्र, मोठ्या शेगड्या व टेबले 1,42,000 रुपयांना आणली. हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. मग वायरमन आला नि म्हणाला, "काकू, ही मोटर थ्री फेजची. खोलीत तर सिंगल फेज आहे!" चार महिने यंत्र गोणपाट पांघरून बसले. पाटल्यांवरचे व्याज मात्र बसून राहिले नाही. त्या भगिनीने मला कधी शब्दाने विचारले नाही. पण नळावर भेटली की मीच मान खाली घाली. अखेर यंत्र तोट्यात विकून पाटल्या सोडविल्या.

आम्ही यंत्राची किंमत विचारली, यंत्राभोवतीची विचारली नाही. माझ्या सासूबाई सांगत, उजनीच्या पाण्याखाली जुने गाव गेले तेव्हा नव्या घराच्या भिंतींचा हिशेब सर्वांनी केला. चूल, न्हाणी आणि पाणी यांचा खर्च कुणी धरलाच नव्हता. धरण उशाला नि कोरड घशाला, अशी गत तेव्हा झाली. तीच आमची झाली.

म्हणून माझी सूचना अशी. हाती शंभर रुपये असतील तर यंत्रे व भांडी पंचेचाळिसांत बसवा. पंचवीस रुपये वीजजोड, गॅसची नळी, धूर ओढणारा पंखा, पाण्याची टाकी, मोरी व फरशी यांना ठेवा. वीस रुपये पहिल्या तीन महिन्यांच्या ज्वारी, शेंगदाणे, गॅस व मजुरीला, आणि दहा अडीअडचणीला. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही. 19 किलोचा घ्यावा लागतो. अन्नसुरक्षेची नोंदणीही याच हिशेबात धरा.

अनुदानावरही फार विसंबू नका. 2020 साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली, तीत खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान ठरविले. पण ते कर्जाशी जोडलेले होते. स्वतःचा वाटा आधी घालावा लागे. अनुदान म्हणजे पदरात पडलेली रोकड नव्हे.

थोडक्यात आरंभ करण्यात कमीपणा नाही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. त्यांचेच पुढे लिज्जत झाले. इमारत आणि यंत्रे मागाहून आली, गिऱ्हाईक आधी आले. आपल्याकडेही काटवट, परात, तवे आणि भाकरी थापणारे हात आहेतच. तेवढ्यावर तीन महिने माल विकून पाहू. मागणी टिकली, तर कोणते यंत्र हवे हे गिऱ्हाईकच सांगेल.

आज यंत्रखरेदीचा ठराव आपल्यापुढे आहे. माझी हात जोडून विनंती, तो एक महिना थांबवावा. त्या महिन्यात वायरमन, गॅसवाला आणि गवंडी या तिघांना खोली दाखवून त्यांचे आकडे कागदावर घ्यावेत. बेरीज मंडळाच्या फळ्यावर लिहावी, म्हणजे जिने शंभर रुपये दिले तिलाही ती वाचता येईल.

पैसा मंडळाचा म्हणतो खरा; पण त्यात कुणाच्या तरी पाटल्या असतात. एवढे ध्यानात ठेवावे, असे सांगून आपली रजा घेते.